जकार्ताचा मोनास : शाळुंका, उखळ आणि सोन्याची ज्योत

इंडोनेशियाच्या राजधानीतील राष्ट्रीय स्मारकाबद्दल, म्हणजे तेथील लोक ज्याला लाडाने ‘मोनास’ म्हणतात त्या मनोऱ्याबद्दल, वाचकांकडून बरेच प्रश्न आले आहेत. काही प्रश्न एकमेकांत मिसळणारे असल्यामुळे ते थोडे जुळवून घेतले आहेत.

प्रश्न : जकार्तामध्ये आमच्या मार्गदर्शकाने या मनोऱ्याकडे बोट दाखवून ‘हे पाहा तुमचे शिवलिंग’ असे सांगितले. जगातील सर्वाधिक मुस्लिम लोकसंख्या असलेल्या देशांत ज्याची गणना होते, त्या देशाचे राष्ट्रीय स्मारक शिवलिंगाच्या आकाराचे असेल, हे पटत नाही. भारतीय पर्यटकांना खूश करण्यासाठी रचलेली ही गोष्ट तर नव्हे?

उत्तर : मार्गदर्शकाने सांगितले त्यात तथ्य आहे, ‘तुमचे’ हा शब्द तेवढा त्याने पदरचा घातला. मोनासचा आराखडा लिंग आणि योनी या जोडीवर बेतलेला आहे, ही गोष्ट तेथे गुपित नाही आणि ती अधिकृत माहितीतही सांगितली जाते. वर निमुळता होत गेलेला, संगमरवराने मढवलेला उभा स्तंभ म्हणजे लिंग. आणि त्याच्या पायथ्याशी पेल्यासारखा वर उघडत गेलेला रुंद चौथरा म्हणजे योनी, आपल्या बोलीत सांगायचे तर शाळुंका. ज्योतीसह या मनोऱ्याची उंची १३२ मीटर आहे.

हा आकार ठरला कसा, ते पाहिले म्हणजे मूळ शंकेचे निरसन होईल. स्मारकासाठी १९५४ मध्ये समिती नेमली गेली आणि १९५५ मध्ये आराखड्यांची स्पर्धा जाहीर झाली. एक्कावन्न आराखडे आले, पण समितीच्या कसोटीला त्यांतील एकच उतरला, तो वास्तुविशारद फ्रेडरिक सिलाबान यांचा. पुढे दुसरी स्पर्धा झाली, तिच्यात १३६ आराखडे आले आणि त्यांतला एकही पसंत पडला नाही. राष्ट्राध्यक्ष सुकार्नो स्वतः बांडुंगच्या तंत्रशिक्षण संस्थेतून १९२६ मध्ये बाहेर पडलेले स्थापत्य अभियंते होते, त्यामुळे आराखड्यांवर नुसती सही करून मोकळे होणे त्यांच्या स्वभावात नव्हते. स्मारकात लिंग आणि योनी दिसली पाहिजेत, हा आग्रह त्यांचाच. सिलाबान यांनी जे रेखाटले ते इतके भव्य होते, की त्या वेळच्या इंडोनेशियाच्या तिजोरीला ते पेलणारे नव्हते. लहान करा म्हटल्यावर सिलाबान यांनी नकार दिला आणि देशाची आर्थिक स्थिती सुधारेपर्यंत काम लांबणीवर टाकावे, असे सुचवले. सुकार्नोंना थांबायचे नव्हते. त्यांनी काम आर. एम. सुदार्सोनो यांच्याकडे सोपवले आणि १७ ऑगस्ट १९६१ रोजी बांधकामाला आरंभ झाला.

आता, सुकार्नोंना हाच आकार का हवा होता? त्यांची आई बालीची, वडील जावाचे, आणि त्यांचे स्वतःचे नाव महाभारतातील कर्णावरून ठेवलेले; यावरून कोणी हे सारे घरच्या संस्कारांच्या खाती जमा करील. मला ते अपुरे वाटते. त्यांच्यापुढचा पेच राजकीय होता. हजारो बेटे, शेकडो भाषा आणि अनेक धर्म असलेल्या, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाचे चिन्ह कोणते, हा तो पेच. कमानी आणि ग्रीक धाटणीचे खांब आधीचे वसाहतवादी राज्यकर्ते असलेल्या डचांनी आणलेले होते. मशिदीचा मिनार घ्यावा तर इतर धर्मीयांचे काय, आणि देवळाचे शिखर घ्यावे तर बहुसंख्यांचे काय? अशा वेळी डचांच्याही आणि आजच्या सगळ्या धर्मभेदांच्याही मागे जाऊन काहीतरी शोधणे त्यांना सोयीचे होते. मध्य जावात चांगाल येथे सापडलेला संस्कृत शिलालेख इसवी सन ७३२ चा आहे आणि राजा संजय याने टेकडीवर लिंगाची स्थापना केल्याचे तो सांगतो. पुढे पंधराव्या शतकात, म्हणजे जावाच्या किनाऱ्यावर इस्लाम रुजू लागला होता त्या काळात, लावू पर्वताच्या उतारावर सुकुह येथे जे देऊळ उभे राहिले, तेथील पुरुषभर उंचीचे लिंग आज जकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ते संग्रहालय मोनासच्या मैदानाच्या पश्चिमेलाच आहे. ज्यांना या आकाराची वंशावळ डोळ्यांनी पाहायची असेल, त्यांनी मनोरा पाहिल्यावर रस्ता ओलांडून तेथे जरूर जावे.

जावाच्या खेड्यापाड्यांत, शेतांच्या कडेला, जुन्या दगडी योनी आजही सापडतात. धर्म बदलला तरी हे दगड तेथेच राहिले आणि त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी मात्र पालटत गेली. पूजेचा देव ही ओळख मागे पडली आणि स्त्री व पुरुष, धरती व आभाळ अशा जोडतत्त्वाचे, सुफलतेचे चिन्ह ही ओळख उरली. मोनासवर उमटले आहे ते हे दुसरे रूप. तेथे अभिषेक नाही, पुजारी नाही, गाभारा नाही. म्हणून त्याला शिवमंदिर म्हणून मिरवणे चूक, आणि त्यात शैव परंपरेचा काही अंश नाही असे म्हणणेही तितकेच चूक.

प्रश्न : मग काही पुस्तकांत हाच आकार मुसळ आणि उखळाचा आहे असे लिहिलेले आढळते, ते काय? लिंग म्हणायला संकोच वाटला म्हणून नंतर शोधलेला तो पर्याय आहे का?

उत्तर : संकोचाचा भाग अगदीच नसेल असे मी म्हणणार नाही, मनोऱ्याच्या आकारावरून जकार्तात जे मिस्कील शेरे मारले जातात, ते येथे छापण्याजोगे नाहीत. परंतु मुसळ-उखळाचा अर्थ मागून चिकटवलेला आहे, असे म्हणता येत नाही. भात सडायचे लाकडी मुसळ आणि उखळ इंडोनेशियातील बहुतेक भागांत घरोघरी होते, आणि त्या जोडीकडेही स्त्री-पुरुष तत्त्वांची जोडी म्हणून पाहण्याची रीत तेथे जुनी आहे. म्हणजे दोन्ही अर्थ एकाच मुळातून फुटलेले आहेत. एक देवळातला आणि दुसरा अंगणातला, इतकाच काय तो फरक. ज्याला पहिला नको असेल त्याने दुसरा घ्यावा, अशी मुभा या आकाराने आपोआप दिली आणि माझ्या मते स्मारक टिकून राहण्यामागे या मुभेचा मोठा वाटा आहे.

एक आक्षेप मात्र नोंदवला पाहिजे. भाताचे उखळ हे ‘सगळ्या’ इंडोनेशियाचे चिन्ह, हे म्हणणे जावाच्या आणि पश्चिमेकडच्या बेटांच्या दृष्टीने ठीक आहे. पापुआत आणि मोलुक्का बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या साबुदाण्याच्या ताडाचे पीठ हे मुख्य अन्न राहिले आहे. त्यांच्या अंगणात हे उखळ कितपत ओळखीचे, हा प्रश्न उरतोच. सर्वांचे म्हणून जे उभारले जाते त्यात बहुधा राजधानीच्या आसपासच्यांचे जास्त असते, आणि मोनास त्याला अपवाद नाही.

प्रश्न : स्मारकाच्या मापांत स्वातंत्र्यदिनाची तारीख दडलेली आहे, असे म्हणतात. हे मुद्दाम केलेले आहे की हौशी लोकांनी नंतर आकडे जुळवले?

उत्तर : मुद्दाम केलेले आहे. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याची घोषणा १७ ऑगस्ट १९४५ रोजी झाली आणि सुदार्सोनो यांनी १७, ८ आणि ४५ हे आकडे आराखड्यात गुंफले. पेल्याच्या आकाराच्या चौथऱ्याचा वरचा सज्जा जमिनीपासून १७ मीटरवर आहे, तो सज्जा ४५ मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद आहे, आणि तळघरातील संग्रहालयाच्या जमिनीपासून पेल्याच्या बुडापर्यंतचे अंतर ८ मीटर आहे. या तिसऱ्या मापाकडे नीट पाहावे. संग्रहालयाची जमीन भूपृष्ठाच्या ३ मीटर खाली आहे, त्यामुळे ते ८ मीटर बाहेरून कोणाला दिसणेच शक्य नाही. सांगितल्याशिवाय कळणार नाही असा हा आकडा आहे.

तारीख मापांत बसवण्याची ही हौस मोनासपासून सुरू झाली नाही. १९५० मध्ये स्वीकारलेल्या राजमुद्रेतील गरुडाच्या प्रत्येक पंखाला १७ पिसे, शेपटीला ८, ढालीखाली शेपटीच्या मुळाशी १९ आणि मानेवर ४५ पिसे आहेत. जवळच्याच इस्तिक्लाल मशिदीच्या मोठ्या घुमटाचा व्यास ४५ मीटर ठेवला आहे, तोही याच वर्षाच्या स्मरणार्थ. शाळेतल्या मुलांना हे आकडे पाठ असतात. प्रतीक म्हणून मला मात्र हा प्रकार फारसा खोल वाटत नाही. आकारावर वाद घालता येतो, त्यातून नवे अर्थ निघतात; आकडा एकदा उलगडला की त्यात पुढे काही उरत नाही.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. स्वातंत्र्याच्या घोषणेचा जो टंकलिखित मजकूर प्रसिद्ध आहे, त्यावर वर्ष ‘४५’ असे नाहीच. तेथे ‘०५’ आहे. त्या वेळी देशावर जपानी लष्कराचा अंमल होता आणि जपानी शाही कालगणनेनुसार ते २६०५ वे वर्ष होते. ज्या ४५ या आकड्यासाठी एवढी मोजमापे आखली गेली, तो मूळ कागदावर नाही.

प्रश्न : शिखरावरची ज्योत संपूर्ण सोन्याची आहे का?

उत्तर : नाही. ज्योत काशाची असून तिचे वजन साडेचौदा टन आहे. ती अखंड ओतलेली नाही; ७७ भाग जोडून तयार केली आहे. तिच्यावर सोन्याचा मुलामा आहे. आरंभी त्यासाठी सुमारे ३५ किलो सोने वापरले गेले, आणि १९९५ मध्ये स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मुलामा नव्याने चढवून ते प्रमाण ५० किलोपर्यंत नेण्यात आले. न विझणाऱ्या स्वातंत्र्यभावनेचे प्रतीक, असा तिचा अधिकृत अर्थ आहे.

प्रश्न : देशात अन्नधान्याची टंचाई असताना एवढा खर्च करणे म्हणजे सुकार्नोंचा दिखाऊपणाच नव्हे का?

उत्तर : ही टीका त्यांच्या हयातीतही झाली आणि तिच्यात वजन आहे. साठच्या दशकाच्या मध्यात इंडोनेशियातील महागाई वर्षाला सहाशे टक्क्यांच्या पुढे गेली होती, आणि त्याच सुमारास राजधानीत एकामागून एक भव्य बांधकामे चालू होती. १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी क्रीडानगरी उभी राहिली, हॉटेल इंडोनेशियासमोर स्वागताचा पुतळा आला, मोठी मशीद सुरू झाली आणि त्यात मोनास. सुकार्नोंची बाजू अशी, की साडेतीनशे वर्षे खाली मान घालायला शिकवलेल्या लोकांना ताठ उभे राहण्यासाठी पोटातल्या भाताइतकीच डोळ्यांसमोर काही तरी असण्याची गरज असते. हे म्हणणे ऐकताना मन हलते, परंतु ज्याच्या घरी भातच नाही त्याच्यापुढे ते मांडणे कठीण आहे, हेही खरे. ‘साडेतीनशे वर्षे’ हाही घोषणेतला हिशोब आहे. डचांचा अंमल सगळ्या बेटांवर इतका काळ कधीच नव्हता. अर्थव्यवस्था सुधारेपर्यंत थांबा, हा सिलाबान यांचा सल्ला आज शहाणपणाचा वाटतो.

मात्र या प्रश्नाला एक दुसरी बाजू आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. सुकार्नोंनी आरंभलेले हे स्मारक त्यांच्या हातून पुरे झालेच नाही. स्तंभाचे काम १९६३ मध्ये उंचीला पोहोचले, पण १९६५ च्या सप्टेंबरअखेरचा उठाव, त्यानंतरचा कम्युनिस्ट ठरवलेल्या लोकांचा भीषण नरसंहार आणि सत्तांतर यांत उरलेले काम रेंगाळले. सुकार्नो सत्तेवरून गेले, नजरकैदेत १९७० मध्ये वारले, आणि १२ जुलै १९७५ रोजी स्मारक लोकांसाठी खुले झाले ते त्यांच्यानंतर सत्तेवर आलेले जनरल सुहार्तो यांच्या राजवटीत. नव्या राज्यकर्त्यांनी मनोरा पाडला नाही, त्याचे नावही बदलले नाही. त्यांनी तळघरातील संग्रहालयात देशाचा इतिहास आपल्या पद्धतीने मांडला. तेथे भिंतींच्या कडेने काचेआड छोट्या मूर्तींचे देखावे आहेत, एकूण ५१. आदिमानवापासून बोरोबुदूरची उभारणी, श्रीविजय आणि मजापहित ही साम्राज्ये, डचांविरुद्धची बंडे, स्वातंत्र्याची घोषणा असा तो क्रम आहे. सुहार्तोंच्या हाती सत्ता आली तो काळही त्यात आहे, आणि अर्थातच त्यांच्या सरकारला मान्य असलेल्या बाजूने आहे. त्या वेळी मारल्या गेलेल्या लाखो माणसांचा देखावा तेथे शोधूनही सापडणार नाही. म्हणून मोनास पाहताना वरचा मनोरा एका राज्यकर्त्याचा आणि खालचे तळघर दुसऱ्याचे, हे ध्यानात ठेवावे. प्रतीकाचा आकार पहिल्याने ठरवला, आशय दुसऱ्याने भरला.

प्रश्न : स्मारक याच मैदानात का उभारले? आणि त्याच्या शेजारीच मोठी मशीद असणे हा योगायोग आहे का?

उत्तर : मैदानाची निवड हा या स्मारकाच्या अर्थाचा निम्मा भाग आहे. डचांच्या काळात याच मैदानाला ‘राजाचे मैदान’ म्हणत आणि त्याच्या उत्तरेला गव्हर्नर जनरलचा प्रासाद होता. तोच आज राष्ट्राध्यक्षांचा मर्देका प्रासाद आहे. घोषणेनंतर जेमतेम महिन्याभराने, १९ सप्टेंबर १९४५ रोजी, याच मैदानाच्या एका भागात जपानी सैनिक बंदुका रोखून उभे असताना प्रचंड जनसमुदाय जमला होता आणि सुकार्नोंनी थोडक्या शब्दांत त्यांना शांतपणे घरी जायला सांगितले होते. लोक गेलेही. नवे सरकार केवळ कागदावर नाही, हे त्या शिस्तीने डचांना आणि जपान्यांना दाखवून दिले. जुन्या सत्तेच्या अंगणात नव्या सत्तेने आपला खांब रोवला, असा या जागेचा अर्थ आहे, आणि तो समजायला लिंग किंवा उखळ ठाऊक असण्याची गरज नाही.

मशिदीचे म्हणाल, तर इस्तिक्लाल मशिदीचे बांधकामही ऑगस्ट १९६१ मध्येच, मोनासनंतर अवघ्या आठवड्याने सुरू झाले आणि १९७८ मध्ये ती खुली झाली. तिचे वास्तुविशारद तेच, फ्रेडरिक सिलाबान. आणि ते प्रोटेस्टंट ख्रिस्ती होते. मोनासच्या आराखड्यावरून ज्यांचे सुकार्नोंशी पटले नाही, त्यांनीच देशातील सर्वांत मोठी मशीद उभारली. तिच्या समोर रस्त्यापलीकडे कॅथलिक कॅथेड्रल आहे आणि मोनासच्या मैदानाच्या नैर्ऋत्येला कृष्णार्जुनाच्या रथाचे १९८७ मध्ये बसवलेले शिल्प आहे. हे सगळे काही अंतराने चालत पाहता येते. या शेजाराला सर्वधर्मसमभावाचे आदर्श चित्र म्हणून रंगवण्याचा मोह होतो, पण तो आवरावा, कारण याच मैदानाने धर्माच्या नावाने पेटलेले राजकारणही पाहिले आहे. २ डिसेंबर २०१६ रोजी जकार्ताच्या ख्रिस्ती राज्यपालांविरुद्ध लाखो लोक मोनासभोवती जमले आणि त्यांनी तेथेच शुक्रवारचा नमाज पढला. त्या दिवशी मनोऱ्याच्या आकारावरून कोणाचे काही बिघडले नव्हते. वाद माणसांचा होता. साठ वर्षांच्या सवयीने तो आकार लोकांच्या नजरेत इतका मुरला आहे, की त्यातले लिंग पाहायला आता बहुधा परदेशी पाहुणाच लागतो.

प्रश्न : इंडोनेशिया आपली राजधानी बोर्निओ बेटावर नेत आहे. मग मोनासचे राष्ट्रीयत्व राहील का?

उत्तर : ‘नुसांतारा’ या नव्या राजधानीचा कायदा २०२२ मध्ये झाला. २०२४ मध्ये तेथे स्वातंत्र्यदिन साजरा करायचा ठरला, तेव्हा ध्वजाची प्रत आणि घोषणेचा मजकूर समारंभपूर्वक नेण्यात आला तो मोनासमधूनच. म्हणजे नव्या राजधानीलाही आपला मान जुन्या जागेकडून आणावा लागला. राजधानी हलली तरी १७ ऑगस्टची आठवण हलवता येणार नाही, आणि जकार्ता शहराच्या स्वतःच्या मुद्रेवरही मोनासच आहे. त्यामुळे मला या बाबतीत चिंता वाटत नाही.

प्रश्न : वेळ थोडा असेल तर वर जावे की आत?

उत्तर : बहुतेक प्रवासी ११५ मीटरवरच्या सज्ज्यात जाण्यासाठी रांगेत उभे राहतात. उद्वाहन लहान आहे, एका खेपेत दहा-अकरा माणसेच मावतात, त्यामुळे सुटीच्या दिवशी रांग लांबते आणि वर गेल्यावर शहरावर धुरकट हवा असली तर दिसते फार थोडे. माझा सल्ला आत जाण्याचा. उत्तरेकडे प्रिन्स दिपोनेगोरो यांच्या अश्वारूढ पुतळ्याजवळून भुयारी वाट आहे, तिने आत शिरावे, आधी देखावे पाहावेत आणि मग पेल्याच्या पोटात असलेल्या स्वातंत्र्य दालनात जावे. पायऱ्यापायऱ्यांच्या, सभागृहासारख्या या दालनाच्या मधोमध खुद्द स्तंभाचा बुंधा आहे. त्याच्या एका बाजूला सोनेरी नकाशा, एका बाजूला गरुड, आणि एका बाजूला सोन्याचा मुलामा दिलेले काशाचे जड दार आहे, ज्यावर कमळ आणि विजयकुसुम ही फुले कोरली आहेत. ठरावीक वेळी हे दार यंत्राने सावकाश उघडते, आत घोषणेचा मजकूर दिसतो आणि सुकार्नोंचा आवाज ऐकू येतो. तो आवाज १९४५ च्या त्या सकाळचा नाही. तेव्हा ध्वनिमुद्रण झालेच नव्हते, म्हणून काही वर्षांनी इंडोनेशियाच्या नभोवाणीच्या स्टुडिओत तो त्यांच्याकडून पुन्हा वाचून घेतला गेला. दार केव्हा उघडणार, ते आत शिरतानाच विचारून घ्यावे.